सगळ्या थोरांचं एकच नाक

आमच्या शहरात आजवर जेवढे थोर पुरुष होऊन गेले, त्या सगळ्यांचं नाक माझ्या ताईचं आहे. हसू नका. घरात कुठे जुनं पदक पडलं असेल तर काढून बघा. बँकेचं असो, गायनशाळेचं असो, नाहीतर त्या मोठ्या सर्जनच्या नावाचं असो. एका बाजूनं दिसणारा चेहरा, आणि त्यावर बसकं, शेंड्याशी जरासं वर उचललेलं नाक. ते नाक आमच्या माहेरचं. आई म्हणायची, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तशी सतराशे काही आली नाहीत. एकच आलं, आणि ताईनं त्याच्याशीच लग्न केलं.

ते विघ्न म्हणजे माझे भावोजी. पदकं बनवतात. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं दुकान आहे. पुढे काचेचं कपाट आणि काउंटर, मागे खिडकी, कोरायचं टेबल आणि ती प्रेस, जिचा दांडा फिरवला की शेजारच्या शिंप्याच्या बरणीतली बटणंसुद्धा हलतात. काउंटरवर मी असते. गेली अडतीस वर्षं पदकांना फिती लावते, डब्यांत भरते आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलते. भावोजींना गोड बोलता येत नाही. त्यांना खरं बोलतानासुद्धा घाम फुटतो, मग खोटं बोलायची काय कथा. असं मी परवापरवापर्यंत समजत होते.

आता त्यांचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोलादाच्या ठोकळ्यावर चेहरा कोरायचा, पण उलटा आणि खोलगट. नाकाच्या जागी खड्डा, गालाच्या जागी खळगा. हा झाला ठसा. त्यावर पितळेची चकती ठेवून प्रेस दाबली की खड्ड्याचा उंचवटा होतो आणि नाक वर येतं. आता यातली मेख अशी की ठशातलं पोलाद कोरून काढता येतं, परत भरता येत नाही. म्हणजे जुन्या ठशावरून नवीन पदक करायचं तर चेहऱ्यात भर घालता येते, कमी काही करता येत नाही. मिशी लावता येते, उतरवता येत नाही. भावोजी म्हणतात, लागलं ते लागलं.

लग्नानंतर त्यांना पहिलंच मोठं काम आलं ते फुलांच्या प्रदर्शनाचं. पदकावर एक सुंदर स्त्री हवी होती, कुठलीही चालेल म्हणाले. भावोजींनी ताईला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि तीन महिने कोरत बसले. एवढ्याशा चेहऱ्याला तीन महिने कशाला लागतात? पण नवीन लग्न होतं, दिवसभर बायकोकडे बघत बसायला त्याहून चांगली सबब कुठली मिळणार. ठसा मात्र असा उतरला की बघत राहावं. मानेवर अंबाडा, कानात बारीकसं कानातलं, आणि ते नाक. भोवतीचं अक्षरांचं कडं वेगळं होतं, मधला चेहरा वेगळा. कडं बदललं की पदक नवीन. पुढची तीन-चार वर्षं तीच बाई कधी फुलांची होती, कधी हस्ताक्षर स्पर्धेची, कधी सायकल शर्यतीची.

मग बँक आली. बँकेच्या संस्थापकांचं पदक हवं होतं, आणि संस्थापकांना ठार टक्कल. भावोजींनी दोन महिने घेतले आणि शेवटी ताईचाच ठसा बाहेर काढला. अंबाडा काढता येईना, म्हणून त्यात भर घालून कोटाची उभी कॉलर केली. कानातल्यावर कल्ले चढवले. राहिलं टक्कल. टक्कल पाडणं म्हणजे केस कमी करणं, आणि ते तर ठशात होत नाही. अशा रीतीनं संस्थापकांना दाट, मागे वळवलेले केस मिळाले. पदक बघायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, गेलं हे काम. त्या हळूच म्हणाल्या, लग्नात हे असेच दिसायचे. दोनशे जास्तीची पदकं घेऊन गेले ते लोक.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. गायनशाळेच्या गुरुजींसाठी चष्मा चढला. सर्जनसाहेबांसाठी मिशी आली. मिशीनंतर नेमके अग्निशमन दलाचे प्रमुख आले, दाढी-मिशी सफाचट केलेले. आता काय करायचं? त्यांना मी चहा पाजला आणि समजावलं की साहेब, गणवेशाला मिशी शोभते. पदक घेतलं त्यांनी, आणि समारंभापर्यंत खरोखरची मिशी राखून आले. शेवटी कॉलेजच्या प्राचार्यांसाठी छातीपर्यंत दाढी आली. आमच्या शहरातली थोर माणसं कोटाची कॉलर वर करून का उभी असतात, हे बाहेरच्यांना कळत नाही. आम्हाला कळतं. आत अंबाडा आहे.

फक्त एका गोष्टीला भावोजींनी कधी हात लावला नाही. नाटक कंपनीचे मालक आले होते, नाक पोपटासारखं. फोटो आणला होता आणि म्हणाले, बाकी काही करा, पण नाक माझं हवं. नाक वाढवणं म्हणजे भरच घालणं, सहज जमणारं काम. भावोजी म्हणाले, नाकाला हात लागणार नाही. मालकांनी का म्हणून विचारलं, तर हे प्रेसला तेल द्यायला लागले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाकाचं नाव काढलं की यांचं तोंड बंद. मालक फोटो तिथेच टाकून तणतणत गेले, त्या वर्षीचं सगळ्यात मोठं काम हातचं गेलं, आणि मी आठवडाभर भावोजींशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

ताईचं सांगायचं राहिलं. ताई नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. छत्तीस वर्षं. अर्धं शहर तिनं पाण्यात ढकललेलं आहे. डोक्याला रबरी टोपी, डोळ्यांना पाण्यातला चष्मा, आणि स्वतः खोल पाण्यात उभी. नुसतं नाक पाण्यावर ठेवून दाखवायची, मग तोंड बाहेर काढून ओरडायची, "नाक वर!" की परत आत. तिचं म्हणणं, पोहणं म्हणजे दुसरं काही नाही, नाक वर ठेवायचं, बाकी सवयीनं येतं. तलावाच्या बाहेरून जाणारी माणसंसुद्धा तो आवाज आला की मान ताठ करायची.

नवीन पदक झालं की भावोजी ते घरी आणायचे. ताई बघायची आणि म्हणायची, अगं बाई, मला मिशी आली. चष्म्याच्या वेळी म्हणाली, नंबर काढून तरी घ्यायचा होता. सगळे हसायचो. पण दाढी आली त्या दिवशी ती हसली नाही. स्वयंपाकघरात माझ्याजवळ म्हणाली की यांना विचारलं, दरवेळी नवीन ठसा का नाही घेत, तर म्हणतात आहे त्यात भागतंय, पोलाद कशाला वाया घालवायचं. "पोलाद वाचवायला माझा चेहरा. एवढी स्वस्त आहे का गं मी?" त्या वयातली ताई फक्त त्या ठोकळ्यात शिल्लक होती, आणि तिथे आता प्राचार्यांची दाढी होती. मला इतका राग आला भावोजींचा की मी जेवायला थांबले नाही.

ताई निवृत्त झाली आणि दोन महिन्यांनी तलाव समितीचे अध्यक्ष दुकानात आले. हे मोठं धूड. लहानपणी पाण्यात सोडलं की सरळ तळाशी जायचे, म्हणून ताईनं त्यांचं नाव दगड ठेवलं होतं. अजूनही ती त्यांना दगडाच म्हणते, शिपायासमोरसुद्धा. ते म्हणाले की दरवर्षीच्या शर्यतींना आता बाईंच्या नावाचं पदक द्यायचं ठरलंय, आणि पदकावर बाईंचा चेहरा हवा. नमुना पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी समितीपुढे ठेवायचा. जमत नसेल तर तसं सांगा, दुसऱ्या शहरात एक जण फोटोवरून कॉम्प्युटरवर कोरून देतो. भावोजी म्हणाले, छे छे, घरचंच काम आहे. आणि त्यांना घाम फुटला. माझं लक्ष गेलं, पण मी म्हटलं उकडत असेल.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात आली. चांगले कपडे घालून, केस नीट बांधून, आणि कुणी न सांगता खिडकीपाशी स्टुलावर जाऊन बसली. चाळीस वर्षांनी. भावोजी म्हणाले, आज उजेड बरोबर नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल डगमगत होतं. तिसऱ्या दिवशी पोलाद यायचं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी प्रेसला तेल दिलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एवढ्या तेलात प्रेस पोहली असती. ताई उठली, म्हणाली, राहू दे, आता काय बघायचंय माझ्यात, द्या त्या कॉम्प्युटरवाल्याला. पाचव्या दिवशी ती आली नाही.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, पोलाद यायचंय काय, मी शोधते पोलाद. भावोजी बँकेत गेले होते. प्रेसखाली एक खण होता, कायमचा कुलूपबंद. किल्ली तेलाच्या डब्यामागे असते हे मला वीस वर्षं माहीत होतं. उघडला तर आत ठोकळेच ठोकळे. कोरे नव्हते. अकरा ठसे, फडक्यात गुंडाळलेले, प्रत्येकाच्या मागे खिळ्यानं ओरखडलेलं: बँक, गायनशाळा, सर्जन, अग्निशमन, प्राचार्य. ठसा उलटा असतो, नुसता बघून कळत नाही. मी खिडकीच्या काचा बसवायची ती मऊ लांबी घेतली आणि एकेकात दाबून बाहेर काढली.

काय सांगू तुम्हाला. संस्थापकांची हनुवटी गळ्यात उतरलेली. सर्जनचा एक डोळा कानाजवळ. गुरुजींचं तोंड असं की नुकतंच काहीतरी कडू खाल्लंय. एकही माणूस माणसात जमा करण्यासारखा नव्हता. आणि अकराच्या अकरा तोंडांवर ताईचं नाक. अगदी बरोबर, शेंड्याशी उचललेलं. शेवटच्या ठोकळ्यामागे लिहिलं होतं, नाटकवाले. पोपटासारख्या नाकाचा माणूस, फोटो समोर ठेवून कोरलेला, आणि त्यालाही तेच नाक.

मी ताईला बोलावून आणलं. भावोजी परत आले तेव्हा आम्ही दोघी काउंटरवर लांबीचे अकरा थोर पुरुष ओळीनं मांडून बसलो होतो. त्यांनी बघितलं आणि दारातच थांबले. पळून जातात की काय असं वाटलं मला.

ताईनं विचारलं, हे काय आहे?

ते खाली बघून बोलले. दरवेळी आधी नवीन ठसाच घ्यायचे म्हणे. दोन-दोन महिने घालवायचे. "कुणाचाही फोटो समोर ठेव, हात आपला तुझ्याकडेच जातो. मला एकच चेहरा येतो. दुसरा आलाच नाही कधी."

"मग पोलाद वाचवायचं काय सांगत होतात मला?"

"कारागीर म्हणवतो स्वतःला. येत नाही असं कसं सांगू?" त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती, वाऱ्यावर धरल्यासारखी. "आणि आता तोही येत नाही. दोन वर्षं झाली."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आणि रागही आला, की हा माणूस चाळीस वर्षं बायकोला कंजूष वाटत राहिला, पण एक वाक्य बोलला नाही. ताई काही रडली नाही. तिनं अकरा नाकं एकेक करून न्याहाळली. नाटकवाल्यांपाशी जरा जास्त वेळ थांबली. मग म्हणाली, नाक तेवढं बरं काढलंय सगळ्यांचं. आणि म्हणाली, तो मूळचा ठसा आणा इकडे.

भावोजींनी आणला. तिनं भिंग लावून बराच वेळ बघितला. केस, चष्मा, मिशी, दाढी, कॉलर. बोट फिरवत फिरवत विचारलं, यातली दाढी काढता नाहीच येत ना? नाही, म्हणाले. भर मात्र हवी तेवढी घालता येते? येते, म्हणाले.

"मग पाणी भरा," ताई म्हणाली.

भावोजींना कळायला थोडा वेळ लागला. मला त्याहून जास्त लागला. नाकाच्या खालपर्यंत लाटा. मिशी, दाढी, कॉलर, सगळं पाण्याखाली. केसांवर पोहायची टोपी. गुरुजींच्या चष्म्यावर पाण्यातला चष्मा. उरतं काय, तर ज्याला कधी हात लागला नाही ते. भावोजी एकदम स्टुलावर बसले. ते स्टूल डगमगत नव्हतं, मी मुद्दाम बघितलं.

अकरा दिवस काम चाललं. आधी ठसा भट्टीत तापवून नरम केला. टोपी आणि चष्मा कोरताना मी त्यांचं कोपर दोन्ही हातांनी धरून बसायची आणि माझी पाठ मोडायची. लाटांना मात्र मी हात सोडला. म्हटलं, भावोजी, आता थरथरा मनसोक्त, लाटा सरळ कुणी बघितल्यात? आणि अशा लाटा आल्या की चांगल्या हातानं आल्या नसत्या.

खरी भीती पुढेच होती. कोरून झालं की पोलादाला पाणी द्यावं लागतं, म्हणजे लालबुंद करून तेलात बुडवायचं, की ते परत कडक होतं. पण हा ठसा आता इतका खोल झाला होता की तेलात जाताच तडकण्याची भीती. तडकला असता तर दाढी गेली असती, लाटा गेल्या असत्या, आणि खालची ती खिडकीतली ताईही गेली असती. भावोजी ताईला म्हणाले, तू बाहेर थांब. ती म्हणाली, मी खोल पाण्याला भिणारी नाही. त्यांनी चिमट्यानं ठसा तेलात सोडला. चरचरला, धूर झाला, माझ्या डोळ्यांत गेला. निवला तेव्हा भावोजींनी छोट्या हातोडीनं हलकेच वाजवला. तडा असेल तर आवाज बद्द येतो. स्वच्छ आवाज आला. त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला. शेवटी ताईनं हातोडी काढून घेतली आणि म्हणाली, आता तुम्हीच फोडाल.

पहिलं पदक निघालं ते तिनं हातात घेतलं. अजून कोमट होतं. लाटा, टोपी, चष्मा, आणि मधून वर आलेलं ते बसकं नाक. तिनं विचारलं, दाढी आहे ना खाली? आहे, म्हणाले भावोजी. असू दे, म्हणाली, इतकी वर्षं वागवलीय. आणि पदक पदराला पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवून उभी राहिली.

सोमवारी आम्ही तिघं समितीपुढे गेलो. यांनी चेहरा मागितला होता आणि आम्ही नेलं होतं एक नाक. दगडांनी डबी उघडली, पदक हातावर घेतलं आणि उजेडाकडे वळवलं. मी मनात उत्तरं जुळवायला लागले की साहेब, हल्ली अशीच पद्धत आहे. तेवढ्यात बघते तर काय, त्या एवढ्या मोठ्या माणसाची हनुवटी हळूहळू वर चालली होती. त्यांचं त्यांना कळत नव्हतं. पदक शेजारच्याकडे गेलं, त्याचीही मान ताठ झाली. मग पुढच्याची. शेवटी पाचही सभासद छताकडे नाक करून बसले होते. चिटणीस नवीन होते, बाहेरगावचे, त्यांना वाटलं छत गळतंय, म्हणून त्यांनीही वर बघितलं.

"दगडा, कडेला काय लिहायचं ते सांग," ताई म्हणाली.

ते म्हणाले, बाई, लिहायचं काय त्यात, तुम्ही दुसरं काही शिकवलंच नाही. तेच दोन शब्द कड्यावर आले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बँकेची माणसं आली. पंचाहत्तर वर्षं होताहेत, संस्थापकांचं तेच पदक पुन्हा हवं म्हणाली. मी गोड बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजी मागच्या खोलीतून आले आणि घाम न फुटता म्हणाले, "तो ठसा आता मिळणार नाही. तो माझ्या बायकोचा आहे." आणि त्या कॉम्प्युटरवाल्याचा पत्ता लिहून दिला. खरे संस्थापक कसे दिसत होते ते आता लोकांना कळेल. टक्कल सोसायची तयारी ठेवा म्हणावं.

ताई हल्ली दुपारी दुकानात येते. खिडकीपाशी स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवते. भावोजी समोर टेबलाशी बसतात, आणि दर थोड्या वेळानं तिला म्हणतात, उजेड बरोबर नाही, स्टूल जरा इकडे घे. ती घेते. कोरत काहीच नाहीत ते.